दीड लाख किलोमीटर झालेल्या गाडीला वाढीव वॉरंटी घ्यावी का?

पत्र थोडक्यात: गाडी सात वर्षांची, पेट्रोल, ऑटोमॅटिक. चार वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली तेव्हा रनिंग ६४,००० किलोमीटर होतं, आता १,५२,००० झालं आहे. कामावर जायला रोज हीच गाडी लागते, दुसरी सोय नाही. इतकी वर्षं सर्व्हिसिंगपलीकडे खर्च नव्हता. गेल्या तीन महिन्यांत मात्र ऑल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) गेला, पुढच्या सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतली रबरं) बदलले आणि कूलंटचा होज फुटून गाडी रस्त्यात उभी राहिली. तेवढ्यात एका कंपनीचा फोन आला. 'तीन वर्षं किंवा २,००,००० किलोमीटर, जे आधी होईल ते' अशी वाढीव वॉरंटी, किंमत गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या साधारण आठवा हिस्सा, सवलत या आठवड्यापुरतीच. माहितीपत्रक पत्रासोबत जोडलं आहे. नवरा म्हणतो, गाडी विकून टाकू. दीर म्हणतात, वॉरंटी म्हणजे शुद्ध लूट. पत्र लिहिणाऱ्या ताईंना वाटतं, एकदा पैसे भरले की डोक्यामागची कटकट तरी मिटेल. तीन महिन्यांत झाले तसले खर्च त्या निभावून नेऊ शकतात. पण गिअरबॉक्स गेला तर तेवढे पैसे एकदम उभे करणं जमणार नाही, ही त्यांची धास्ती.

ताई, तुमच्या पत्रात गॅरेजच्या फेऱ्यांची हकिगत पानभर आहे आणि गिअरबॉक्सची धास्ती शेवटच्या दोन ओळींत. निर्णय मात्र त्या दोन ओळींवर व्हायला हवा. ऑल्टरनेटर, बुश, होज यांचे पैसे तुम्ही भरलेत, कुरकुरत का होईना भरलेत. न पेलणारा खर्च एकच आहे आणि तो अजून आलेला नाही. तो आलाच, तर हा कागद खरोखर भरून देणार आहे का, एवढं तपासलं की बाकीचं बरंचसं आपोआप सुटेल.

तीन महिन्यांत तीनदा गॅरेज म्हटल्यावर गाडीनं अंग टाकलं असं वाटणं साहजिक आहे. पण ऑल्टरनेटरचे ब्रश आणि बेअरिंग झिजतात, बुशचं रबर चिरतं, होज उष्णतेनं कडक होऊन फुटतो. दीड लाखाच्या आसपास हे नेहमीचंच. त्यातलं एकही इंजिन किंवा गिअरबॉक्स थकल्याची खूण नाही, आणि ते भाग आता नवे आहेत. फुटलेल्या होजच्या वयाचे बाकीचे होज मात्र अजून गाडीत आहेत. ते, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप एकदा पाहून घ्या. आणि होज फुटल्यावर टेम्परेचरचा काटा वर गेलेला असताना गाडी थोडीफार चालवली गेली असेल, तर हेड गॅस्केटही, म्हणजे इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग जोडणारं सीलही, तपासून घ्या. उद्या वॉरंटी घेतलीत आणि दोन महिन्यांत हेड गॅस्केट गेलं, तर कंपनी पहिल्यांदा हाच प्रसंग पुढे करेल: बिघाड आधीचा होता.

आता एक संध्याकाळचं काम. मागच्या तीन-चार वर्षांची सगळी बिलं काढा. कंपनीकडून करारपत्र मागवा. चकचकीत माहितीपत्रक नव्हे, सगळ्या अटी असलेलं पूर्ण करारपत्र. मग बिलातल्या प्रत्येक ओळीपुढे लिहा, ही योजना असती तर याचे पैसे मिळाले असते का. तुमच्या तीन दुरुस्त्यांपुरतं मी ते माहितीपत्रकावरून करून पाहिलं. बुश, नाही, झिजणारे भाग म्हणून वगळलेले. होज, नाही, रबरी नळ्या आणि बेल्ट वगळलेले. ऑल्टरनेटर, याच कंपनीच्या जास्त महाग दोन योजनांत हो, पण फोनवर तुम्हाला ज्या योजनेची किंमत सांगितली त्यात नाही, कारण ती फक्त इंजिन, गिअरबॉक्स आणि ड्राइव्हशाफ्टपुरती आहे. म्हणजे ज्या तीन महिन्यांमुळे तुम्ही वॉरंटीचा विचार करू लागलात, त्या तीन महिन्यांत या वॉरंटीनं तुम्हाला छदामही दिला नसता.

यात या कंपनीचं काही वेगळं नाही. अशा योजना अचानक होणाऱ्या बिघाडासाठी असतात, आणि जास्त चाललेली गाडी बहुतेक वेळा झिजून पैसे मागते. ब्रेक पॅड, डिस्क, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बॅटरी, टायर, फिल्टर, सगळी तेलं, मॅन्युअल गाडीत क्लच प्लेट, हे सहसा बाहेरच. ऑइल सील आणि गॅस्केट तर जुन्या गाडीत हमखास गळू लागतात. कित्येक करारांत ती फक्त दुसरा मान्य भाग दुरुस्त करताना बदलावी लागली तरच मिळतात, नुसत्या गळतीला नाही. इंजिन तेल खातंय, पिकअप उतरलाय, पण गाडी चालते आहे, अशा अवस्थेलाही बरेच करार 'हळूहळू आलेली घट' म्हणून हात लावत नाहीत. गाडी बसावी लागते, तेव्हा कुठे क्लेम उभा राहतो.

करारांच्या दोन धाटणी असतात. एकात काय मिळेल त्याची यादी असते. यादीत नाव नसेल तर पैसे नाहीत. दुसऱ्यात काय मिळणार नाही त्याची यादी असते आणि उरलेलं सगळं मिळतं. दुसरी मालकाच्या सोयीची, पण एवढं रनिंग झालेल्या गाडीला ती क्वचितच देतात. तुमची योजना पहिल्या धाटणीची आहे, तेव्हा तिच्यात 'गिअरबॉक्स' हा शब्द आहे एवढ्यावर थांबू नका. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत नेणारा भाग), व्हॉल्व्ह बॉडी आणि सोलेनॉइड (तेलाचा दाब वळवून गिअर बदलणारे भाग), गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट (त्याचा संगणक) ही नावं स्वतंत्रपणे आहेत का ते पाहा. 'तेलात फिरणारे अंतर्गत भाग' असं मोघम लिहिलं असेल, तर कंट्रोल युनिट आणि वायरिंग त्यात धरायचं नाही असं म्हणायला कंपनी मोकळी असते. आणि ऑटोमॅटिकचं दुखणं पुष्कळदा तिथूनच सुरू होतं.

'कटकट मिटेल' या तुमच्या वाक्यापाशी मला जरा जास्त थांबायचं आहे, कारण वॉरंटी विकली जाते ती याच वाक्यावर.

समजा, गिअरबॉक्स खरंच झटके देऊ लागला. पहिली अट अशी असते की लक्षण दिसल्यावर गाडी चालवत राहायचं नाही. राहिलात तर वाढलेलं नुकसान तुमचं. गाडी टो करून कंपनीला मान्य असलेल्या गॅरेजमध्ये न्यायची. दुरुस्तीला हात लावण्याआधी कंपनीची परवानगी घ्यायची. तुमच्या नेहमीच्या मेकॅनिकनं आधी काम करून टाकलं तर क्लेम गेला. मग कारण कळण्यासाठी गिअरबॉक्स उतरवून खोलायचा. ही खोलण्याची मजुरी कोणाची? बहुतेक करारांत आधी तुमची. बिघाड करारात बसला तर ती परत मिळते, न बसला तर खोललेला गिअरबॉक्स आणि मजुरीचं बिल दोन्ही तुमच्या पदरात. मधल्या काळात कंपनीचा माणूस पाहणी करणार, सर्व्हिसिंगची बिलं मागणार. मंजुरी आली तरी नवा भागच मिळेल असं नाही, रिकंडिशन्ड (जुनाच, पण दुरुस्त केलेला) किंवा वापरलेला भाग बसवायची मुभा कंपनीनं स्वतःकडे ठेवलेली असते. या सगळ्यात गाडी किती दिवस उभी राहील हे तुमच्या हातात नाही, आणि तुमच्याकडे दुसरी गाडी नाही. बदली गाडीची सोय असेल तर दिवसांची मर्यादा बघा.

रस्त्यात अडकण्याची भीती हा वेगळा प्रश्न आहे. त्यावर उपाय टोइंग आणि रस्त्यावरच्या मदतीची वार्षिक सेवा. ती वॉरंटीच्या मानानं फार स्वस्त असते, वेगळी घेता येते, आणि कदाचित तुमच्या गाडीच्या विम्यात आधीच असेल. पॉलिसी उघडून पाहा.

'तीन वर्षं' या शब्दांचंही गणित करू. चार वर्षांत गाडी ८८,००० चालली, म्हणजे वर्षाला २२,०००. २,००,००० हा ओडोमीटरवरचा आकडा असेल, तर तुमच्याकडे उरले ४८,००० किलोमीटर. ते सव्वादोन वर्षांच्या आतच संपतील. बऱ्याच योजनांत सुरुवातीचे ३० दिवस क्लेम करता येत नाही, तेही वजा करा. तीन वर्षांच्या भावानं तुम्ही साधारण दोन वर्षं विकत घेताय. २,००,००० म्हणजे आजपासून पुढचे किलोमीटर असं विक्रेता फोनवर म्हणाला असेल, तर ते करारात तशाच शब्दांत हवं. रनिंग कमी असणाऱ्यांना उलट बाजू बघावी लागते. त्यांचे किलोमीटर उरतात आणि मुदत संपते.

एका क्लेमला किती मिळेल याची मर्यादा, एकूण क्लेमची मर्यादा (ती बहुधा गाडीच्या बाजारभावाएवढी, आणि बाजारभाव दरवर्षी उतरतो), आणि प्रत्येक वेळी आधी तुम्ही भरायची ठरावीक रक्कम, हे तीन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. रनिंग वाढेल तसा कंपनीचा वाटा कमी होत जाण्याचं कलम असेल तर तो चौथा. हे कलम जास्त चाललेल्या गाडीच्या मालकाला सगळ्यात महागात पडतं, आणि फोनवर ते कोणी आपणहून सांगत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. गाडी सेकंडहँड आहे आणि पहिल्या ६४,००० किलोमीटरचे कागद तुमच्याकडे अर्धवट आहेत, असं तुम्ही लिहिता. क्लेमच्या वेळी कंपनी तारीख आणि ओडोमीटरच्या आकड्यासह सर्व्हिसिंगची बिलं मागते. तुमच्या काळातली आहेत, उत्तम. पण गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं आहे का? अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत ते कायमचं असल्यासारखं लिहिलेलं असतं. झेडएफ ही ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी मोठी जर्मन कंपनी मात्र आपल्या गिअरबॉक्सचं तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. तुमचा गिअरबॉक्स कोणाचा आहे ते बघून त्या बनावटीची शिफारस शोधा. तसंच टायमिंग बेल्टचं. तुमच्या इंजिनाला चेन नसून बेल्ट असेल आणि तो ठरलेल्या किलोमीटरला बदलल्याचा पुरावा नसेल, तर बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकल्यावर क्लेम मंजूर होण्याची आशा धरू नका. ही दोन कामं वॉरंटी घ्या की न घ्या, करायचीच आहेत. गिअरबॉक्सची धास्ती कमी करायला तेल बदलण्याएवढा स्वस्त मार्ग दुसरा नाही. एवढं मात्र करा, की आत्ताच गिअर अडखळत असतील तर आधी जाणकाराला दाखवा आणि मगच तेलाला हात लावा.

दिरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. कंपनी जमा झालेल्या पैशांतून विक्रेत्याचं कमिशन, स्वतःचा खर्च आणि नफा काढते, उरलेल्यातून क्लेम देते. तेव्हा सरासरी ग्राहकाच्या हाती भरल्यापेक्षा कमीच येणार. पण आजारपणाच्या विम्याचंही गणित हेच असतं आणि तो आपण घेतो, कारण तिथलं नुकसान संसार बुडवू शकतं. गाडीच्या दुरुस्तीला वरून एक मर्यादा आहे: गाडीची आजची किंमत. दुरुस्ती तिच्या पुढे गेली तर ती करायचीच नाही, गाडी आहे तशी विकायची. दुसरं म्हणजे, अशा रनिंगच्या गाड्यांचा भाव ठरवताना कंपनी कशाही हाकलेल्या गाड्या हिशेबात धरते. वेळेवर तेल बदलणाऱ्या तुम्ही त्यांचाही भार उचलणार. आणि ज्याला आपली गाडी लवकरच बसणार हे आधीच ठाऊक आहे, त्याला 'आधीचा बिघाड' हे कलम बाहेर काढतं.

नवऱ्याचा पर्याय मी घाईनं बाजूला सारणार नाही. पण तुलना गेल्या तीन महिन्यांच्या त्राग्याशी करू नका. वर्षभराच्या दुरुस्तीची बेरीज एका बाजूला आणि दुसऱ्या गाडीचे वर्षभराचे हप्ते, वाढलेला विमा आणि उतरणारी किंमत दुसऱ्या बाजूला ठेवा. बहुतेक घरांत पहिली बाजू बरीच वर्षं हलकी राहते. शिवाय त्याच पैशांत येणारी दुसरी सेकंडहँड गाडी तुम्हाला अनोळखी असेल. या गाडीची निदान ८८,००० किलोमीटरची हकिगत तुम्हाला पाठ आहे.

मी तुमच्या जागी असते तर या आठवड्यात सही केली नसती. आधी एका त्रयस्थ मेकॅनिककडून, म्हणजे ज्याला दुरुस्तीचं काम मिळणार नाही आणि वॉरंटीही विकायची नाही अशाकडून, गाडी तपासून घेतली असती. स्कॅनर फक्त इंजिनाला नको, गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटलाही लावायला सांगा. गिअरबॉक्सच्या तेलाचा रंग आणि वास, थंड गाडीत रिव्हर्स टाकल्यावर किती उशिरानं गिअर लागतो, चढावर गिअर घसरतो का, कूलिंग सिस्टिमला प्रेशर टेस्ट, सिलिंडरचं कॉम्प्रेशन, खालून गळती. अहवाल लेखी घ्या. तो वॉरंटी घेतलीत तरी उपयोगी पडेल, 'आधीचा बिघाड' म्हणणाऱ्याला दाखवायला.

अहवाल चांगला आला, तर वॉरंटीची रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि दर महिन्याला त्यात थोडी भर घाला. सव्वादोन वर्षांत काही झालं नाही तर पैसे तुमचेच. या मार्गाचा कच्चा दुवा सांगायलाच हवा: तिसऱ्या महिन्यात गिअरबॉक्स गेला तर त्या खात्यातले पैसे पुरणार नाहीत. तेव्हा नव्या गिअरबॉक्सऐवजी रिकंडिशन्ड बसवणं, नुसती व्हॉल्व्ह बॉडी दुरुस्त होते का पाहणं, थोडं कर्ज घेणं किंवा गाडी आहे तशी विकणं, हेच पर्याय उरतील. यातला एकही चालणार नसेल, आणि वर सांगितलेले गिअरबॉक्सचे भाग करारात नावानिशी असतील, तर इंजिन-गिअरबॉक्सपुरती योजना घ्यायला माझी हरकत नाही. झोप विकत घेतली म्हणून पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. फक्त ती झोप करारात खरोखर आहे हे आधी बघा. अहवालात गिअरबॉक्सची लक्षणं सापडली, तर मात्र वॉरंटीचा विचार सोडा. ते दुखणं आता 'आधीचं' झालं. दुरुस्त करायचं की गिऱ्हाइकाला खरं सांगून विकायचं, एवढंच ठरवायचं.

अशाच पेचातल्या इतर वाचकांसाठी थोडं. गाडी भाड्यानं किंवा डिलिव्हरीला चालत असेल, किंवा बाहेरून सीएनजी-एलपीजी किट बसवलं असेल, तर घरगुती वापराची योजना बहुधा रद्दच ठरते. हे लपवून घेऊ नका. गाडी बनवणाऱ्या कंपनीचीच वाढीव वॉरंटी अजून मिळू शकत असेल, तर आधी ती बघा, कारण तिच्या गॅरेजमध्ये परवानगीचा घोळ कमी असतो. हायब्रिड गाडी असेल तर मोठ्या बॅटरीवर मूळ वॉरंटी वेगळी आणि लांब मुदतीची असते, पुष्कळ ठिकाणी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर. ती संपायच्या आत एकदा बॅटरीची तपासणी करून घ्या. दोन वर्षांत गाडी विकायची असेल तर वॉरंटी पुढच्या मालकाच्या नावे होते का, त्याला शुल्क किती, ते विचारा. वॉरंटीची रक्कम हप्त्यांनी भरणार असाल तर व्याज धरून खरी किंमत काढा.

राहिला तो फोन. परत आला की चार प्रश्न विचारा. क्लेमचे पैसे देण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, विकणाऱ्याची की मागे असलेल्या विमा कंपनीची? विकणारी कंपनी बंद पडली तर माझा करार कोण पाळेल? किती दिवसांत रद्द केला तर पूर्ण पैसे परत, आणि नंतर रद्द केला तर उरलेल्या काळाचे किती? आणि पूर्ण करारपत्र आज ईमेलनं पाठवता का? शेवटच्याला 'पैसे भरल्यावर पाठवतो' असं उत्तर आलं तर फोन ठेवा. करारपत्र आलंच, तर ते आणि मेकॅनिकचा अहवाल शेजारी ठेवून निवांत वाचा. सवलतीची मुदत संपली तर संपू द्या. घासाघीस करण्याची सोय या धंद्यात पुढच्या आठवड्यातही असते.